ओडिसियसच्या गुणांना आज काय भाव मिळेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे: होमरच्या ‘ओडिसी’चा नायक ओडिसियस चतुर आहे, सराईत थापा मारणारा आहे, सोशिक आहे, दहा वर्षांच्या ट्रॉयच्या युद्धानंतर घराच्या ओढीने आणखी दहा वर्षं समुद्रावर भटकणारा आहे आणि घरी पोचल्यावर भयंकर सूड घेणारा आहे. हे गुण आजच्या समाजात वाखाणले जातील की दोष ठरतील? आणि यावर निबंध लिहायचा असेल तर कोणते प्रसंग नीट वाचावेत?

मी बरीच वर्षं पदव्युत्तर वर्गाला ग्रीक महाकाव्यं शिकवते. अधूनमधून कंपन्यांमधल्या नेतृत्वाच्या कार्यशाळांनाही जाते, कारण तिथे ओडिसियसला मागणी असते. दोन्हीकडे संहिता तीच असते, पण माणूस वेगळाच वाचला जातो. व्यवस्थापकांना ज्याच्या पोटात लपून ट्रॉय घेतलं तो लाकडी घोडा आणि एकाक्ष राक्षसाची गुहा आवडते. वर्गातल्या मुली पहिला प्रश्न फासावर लटकवलेल्या बारा दासींचा विचारतात. पूर्वी तो प्रश्न क्वचित यायचा, आता दरवर्षी येतो. ‘आज’ त्याला कसं जोखलं जातं, याचं अर्धं उत्तर मला इथेच मिळतं.

माझं मत आधीच सांगते. चतुराईला आज भरपूर भाव मिळेल, लायकीपेक्षाही जास्त. आपल्याच माणसांना अंधारात ठेवण्याच्या सवयीबद्दल मात्र त्याला जाब द्यावा लागेल, आणि तो द्यावाच लागला पाहिजे. पण ज्या गुणावर त्याचे बाकीचे सगळे गुण उभे आहेत, म्हणजे हात उगारावासा वाटत असताना हात आवरण्याची ताकद, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्षच जात नाही. मला तोच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

नववा सर्ग बघा. एकाक्ष राक्षस पॉलिफेमसने गुहेच्या तोंडाशी प्रचंड धोंडा लावलाय, दोन माणसं जमिनीवर आपटून खाल्लीत आणि तो पसरून झोपलाय. ओडिसियसच्या मांडीशी तलवार आहे. यकृत नेमकं कुठे असतं ते चाचपून तिथे ती खुपसायची, असं त्याच्या मनात येतं. मग तो थांबतो. राक्षस मेला तर धोंडा कोण हलवणार? बावीस चारचाकी गाड्या लावल्या तरी तो जागचा हलला नसता, असं होमर सांगतो. म्हणजे सगळेच्या सगळे आत कुजून मरणार. म्हणून तो रात्रभर तसाच बसून राहतो. सकाळी त्याच्या डोळ्यांदेखत आणखी दोघे खाल्ले जातात, तेही तो सहन करतो, आणि मग दिवसा ऑलिव्हच्या ओल्या लाकडाचा सोटा तासून, टोक आगीत टणक करून, शेणात लपवून ठेवतो. दारू पाजणं, आपलं नाव ‘कुणीच नाही’ असं सांगणं, मेंढ्यांच्या पोटाला लटकून बाहेर पडणं हे पुढचं सगळं सर्वांना पाठ असतं. पण या युक्तीचं बीज त्या न उपसलेल्या तलवारीत आहे. मारायची संधी समोर असताना त्याने मारलं नाही, म्हणून विचार करायला वेळ मिळाला. कार्यशाळांमध्ये ‘चौकटीबाहेरचा विचार’ म्हणून हा प्रसंग सांगितला जातो तेव्हा ही एक रात्र नेमकी गाळली जाते.

आणि ताबा सुटला की काय होतं, तेही याच सर्गात आहे. एक तर ते त्या गुहेत गेले ओडिसियसच्या हट्टापायी. चीज आणि कोकरं उचलू आणि निघू, असं सोबती विनवत होते. त्याला मात्र घराचा मालक बघायचा होता, पाहुणा म्हणून भेटी मिळतात का ते पाहायचं होतं. ‘त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं’ हे पुढे तो स्वतःच सांगतो. सुटका झाल्यावर गलबत किनाऱ्यापासून जरा दूर जातं आणि तो आंधळ्या राक्षसाला डिवचायला लागतो. राक्षस डोंगराचा सुळका उपटून फेकतो, लाटेने गलबत परत किनाऱ्याकडे येतं. सोबती हातापाया पडून गप्प राहायला सांगतात. तरीही हा ओरडून सांगतो: तुझा डोळा फोडणारा मी, नगरं लुटणारा ओडिसियस, लार्टीझचा मुलगा, इथाकाचा राहणारा. नाव, बापाचं नाव, गाव. शाप द्यायला यापेक्षा अधिक काय लागतं? पॉलिफेमस आपल्या बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे, नाव घेऊन मागणं मागतो: हा घरी पोचू नये, आणि पोचलाच तर उशिरा, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून, आणि घरी विघ्नं वाढून ठेवलेली असावीत. त्यातला शब्द न् शब्द खरा होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की अवलक्षण भोगलं गलबतावरच्या इतरांनी.

ट्रॉयहून निघताना त्याच्याकडे बारा जहाजं होती. माणसं सहाशेच्या आसपास असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इथाकाला परत आला एकटा ओडिसियस. आजची कुठलीही चौकशी समिती इथूनच सुरुवात करेल, आणि तिला काव्यातच पुरावे सापडतील.

दहाव्या सर्गात वाऱ्यांचा राखणदार एओलस त्याला सगळे वादळी वारे कातडी पिशवीत बांधून देतो. नऊ दिवस, नऊ रात्री ओडिसियस शिडाची दोरी स्वतःच्या हातात ठेवतो, दुसऱ्या कुणाला देत नाही. दहाव्या दिवशी इथाका दिसतं, इतकं जवळ, की शेकोट्या पेटवणारी माणसंही दिसतात. तिथे त्याला झोप लागते. पिशवीत काय आहे हे त्याने कुणालाही सांगितलेलं नाही. सोन्या-चांदीचा ऐवज याने एकट्याने दडपला, असं वाटून सोबती पिशवी सोडतात. वारे सुटतात, जहाजं उलटी फेकली जातात. सोबत्यांच्या लोभाला दोष देणं सोपं आहे. पण नऊ दिवसांत एक वाक्य बोलला असता, शिडाची दोरी एका रात्रीपुरती दुसऱ्याच्या हाती दिली असती, तर ही वेळ आली नसती. सगळं आपणच करायचं, कुणाला काही सांगायचं नाही आणि दमून कोसळायचं, अशा वरिष्ठाच्या हाताखाली काम केलेल्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

त्याच सर्गात लेस्ट्रिगोनियन नरभक्षकांच्या बंदरात अकरा जहाजं आत जाऊन नांगर टाकतात. ओडिसियस आपलं एक जहाज बाहेर, तोंडाशी, खडकाला बांधतो. त्याला काही शंका आली होती का? आली असेल तर इतरांना का सांगितली नाही? होमर कारण देत नाही. बंदरातली अकराही जहाजं फुटतात, माणसं माशांसारखी भाल्यांवर टोचून नेली जातात. ओडिसियस दोर कापून निसटतो. या प्रसंगात त्याच्या बाजूने बोलायला मला काहीही सापडत नाही.

स्किलाच्या बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूची आहे. सहा तोंडांची ती राक्षसीण सहा माणसं उचलणारच, थांबलात तर आणखी सहा जातील, असं जादूगारीण सर्सीने त्याला बजावलेलं असतं. तो सोबत्यांना सांगत नाही, कारण भीतीने त्यांनी वल्ही टाकली तर सगळेच बुडणार. इथे गप्प राहणं हे कप्तानाचं कर्तव्य होतं, असं मी मानते. पण त्याचं ओझं त्याने कसं वाहिलं, ते वाचाच. वर उचलली गेलेली ती सहा माणसं हातपाय झाडत शेवटचं त्याचं नाव घेऊन हाका मारतात, आणि समुद्रावर भोगलेल्या सगळ्यात हे दृश्य सर्वांत करुण होतं, असं तो म्हणतो. त्याने ते विसरल्याचं नाटक केलं नाही.

त्याला जाब विचारणारे लोकही काव्यातच आहेत, हे अनेकदा नजरेतून सुटतं. युरिलोकस, त्याचा नातेवाईक, तोंडावर सांगतो: याच्याच अविचारामुळे आपली माणसं त्या गुहेत मेली. ओडिसियसची प्रतिक्रिया काय? तलवार काढून याचं मुंडकं उडवावं, असं त्याच्या मनात येतं. सोबती मध्ये पडतात म्हणून तो थांबतो. होमरच्याच ट्रॉयच्या युद्धावरच्या ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात थर्सायटीस नावाचा सामान्य शिपाई भर सभेत राजा आगामेम्नॉनवर टीका करतो: लुटीतला मोठा वाटा तू घ्यायचास आणि मरायचं आम्ही. पहिल्या सर्गात ग्रीकांचा महायोद्धा अकिलीस याने केलेली तक्रारही जवळजवळ हीच आहे. थर्सायटीसला ओडिसियस राजदंडाने मारतो, त्याच्या पाठीवर रक्ताळलेला वळ उठतो, तो डोळे पुसतो आणि सैन्य हसतं. आज आपण त्या शिपायाला जागल्या म्हणू, त्याला संरक्षण असावं म्हणून कायद्याची भाषा बोलू. हसणारे मात्र आजही असतात.

आता खोटेपणाबद्दल. मराठी वाचकाचं मन गनिमी काव्याच्या गोष्टींवर पोसलेलं आहे, त्यामुळे बलाढ्य शत्रूला युक्तीने चकवणं आपल्याला कमीपणाचं वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. लाकडी घोडा, भिकाऱ्याचा वेश, ‘कुणीच नाही’ हे नाव, यांबद्दल मी ओडिसियसला एकही गुण कमी देणार नाही. अडचण अशी, की त्याला थांबता येत नाही. तेराव्या सर्गात इथाकाच्या किनाऱ्यावर देवी अथीना मेंढपाळाच्या रूपात भेटते, तर तिलाही तो बनावट जीवनकहाणी ऐकवतो. ती हसून त्याला हाताने कुरवाळते, एखाद्या देवाला तरी तुला फसवता येईल का, असं कौतुक करते. इथवर ठीक. पण चोविसाव्या सर्गात सगळे शत्रू मेल्यानंतर तो म्हाताऱ्या बापाला भेटायला मळ्यात जातो. लार्टीझ ठिगळं लावलेल्या कपड्यांत, एकटा, झाडाच्या बुंध्याशी माती उकरतोय. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी हा परका बनून खोटी गोष्ट सांगतो. म्हातारा दोन्ही हातांनी माती उचलून पांढऱ्या डोक्यावर ओततो, तेव्हा कुठे याला भडभडून येतं आणि तो ओळख देतो. शत्रूसाठी घडवलेलं हत्यार घरात आल्यावर खाली ठेवता येत नाही, अशी त्याची अवस्था झालेली आहे. आजचा वाचक त्याला ‘हुशार’ म्हणण्यापेक्षा त्याच्यासाठी काळजीत पडेल, आणि ते मला जास्त बरोबर वाटतं.

ही काळजी काही जणांनी प्रत्यक्ष कामात उतरवली आहे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना आधी अकिलीसच्या आणि नंतर ओडिसियसच्या कथेचा आधार घेतला. घरी पोचलेला पण घरचा होऊ न शकलेला माणूस त्यांना ओडिसियसमध्ये दिसला. आठव्या सर्गातला प्रसंग या नजरेने वाचावा. मेजवानीत आंधळा गायक ट्रॉयच्या पाडावाचं गाणं गातो, म्हणजे ओडिसियसच्याच पराक्रमाचं. तो मात्र रडतो. कसा रडतो? जिचा नवरा गाव वाचवताना पडलाय, जी त्याच्या देहाला कवटाळून आक्रोश करतेय आणि मागून शत्रूचे सैनिक भाल्याने ढोसत जिला गुलामीत ओढून नेताहेत, अशा बाईसारखा. नगरं लुटणाऱ्याची तुलना होमर लुटल्या गेलेल्या बाईशी करतो. गेली पंचवीस शतकं पुरुषी पराक्रमाचा नमुना मानल्या गेलेल्या माणसाबद्दल हे लिहिलेलं आहे. पुरुषाने रडण्याबद्दलची आपली समजूत अलीकडे थोडी सैल झालीय, त्यामुळे आज या ओळींना पूर्वीपेक्षा चांगले वाचक मिळतील.

एकनिष्ठेबद्दल फार लिहीत नाही. सर्सीकडे एक वर्ष, कॅलिप्सोकडे सात वर्षं, आणि बायको पेनेलोपीने मात्र वीस वर्षं वाट बघायची, हा दुटप्पी नियम त्या काळाचा आहे. आज तो टिकणार नाही. अमर करते म्हणणाऱ्या देवता कॅलिप्सोला तो नाही म्हणतो आणि म्हातारी होणारी बायको निवडतो, याचं मोल मात्र शिल्लक राहतं.

आता मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. सतराव्या ते विसाव्या सर्गात ओडिसियस भिकारी बनून स्वतःच्याच घरात शिरतो. वाटेत बकऱ्या राखणारा मेलँथियस त्याच्या कमरेवर लाथ घालतो. काठीने याचं डोकं फोडावं की उचलून जमिनीवर आपटावं, असा विचार येतो, आणि तो निमूट चालू लागतो. दाराशी उकिरड्यावर त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस पिसवांनी भरून पडलाय. वीस वर्षांनी धनी ओळखून तो शेपूट हलवतो, कान पाडतो, जवळ येण्याचं त्राण नसतं. ओडिसियसला त्याच्याजवळ जाता येत नाही, नाहीतर सोंग उघडं पडेल. सोबतच्या, डुकरं राखणाऱ्या युमेयसच्या नकळत तो डोळा पुसतो. आत पेनेलोपीशी लग्न करायला घरात ठाण मांडून बसलेल्या मागणीकऱ्यांपैकी अँटिनस त्याच्या उजव्या खांद्यावर चौरंग फेकून मारतो. तो खडकासारखा उभा राहतो. आपल्याकडे विराटपर्वात कंक बनलेल्या युधिष्ठिराच्या तोंडावर विराट फासा मारतो, रक्त येतं, आणि द्रौपदी ते भांड्यात झेलते. अज्ञातवासातला राजा काय सोसतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

विसाव्या सर्गात रात्री तो ओसरीत जमिनीवर पडलेला असताना दासी हसत-खिदळत बाहेर पडतात, उपऱ्या मागणीकऱ्यांकडे झोपायला. त्याचं काळीज पिल्लांवर उभ्या राहिलेल्या कुत्रीसारखं गुरगुरतं. मग तो छातीवर हात मारून स्वतःलाच दटावतो: सोस, काळजा, यापेक्षा वाईट तू सोसलंयस, त्या राक्षसाने तुझे सोबती खाल्ले तेव्हा. बघा, त्याला गुहेतलीच रात्र आठवते. प्लेटोने होमरवर बरीच टीका केली, पण या ओळी त्याने आदर्श म्हणून उद्धृत केल्या आहेत. आणि या ताब्याची पुढची पायरी बाविसाव्या सर्गात आहे. मागणीकऱ्यांची प्रेतं पाहून म्हातारी दाई युरिक्लिया जयघोष करायला जाते. ओडिसियस तिला अडवतो: मेलेल्यांवर फुशारकी मारणं पाप आहे. पॉलिफेमससमोर नाव ओरडून सांगणारा तो हाच माणूस. मधल्या वर्षांत त्याने काय शिकलं ते या एका वाक्यात आहे, आणि त्या शिक्षणाची किंमत कुणी मोजली तेही आपल्याला माहीत आहे.

पण याच सर्गात तो घसरतोही. मागणीकरी होते १०८. कत्तल पुरती सुरू होण्याआधी त्यांच्यातला युरिमाकस भरपाई देऊ करतो, प्रत्येकाकडून वीस बैलांच्या मोलाची. ओडिसियस नाकारतो. घरातल्या पन्नास दासींपैकी बारा जणींना आधी प्रेतं उचलायला लावतात, दालन धुऊन घेतात आणि मग ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस त्यांना एका दोरीवर फास देऊन लटकवतो. जाळ्यात अडकलेल्या पक्ष्यांसारख्या, असं होमर म्हणतो. पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही. याच सर्गाच्या सुरुवातीला ओडिसियसने मागणीकऱ्यांवर केलेला आरोप पाहा: तुम्ही माझ्या दासींवर जबरदस्ती केलीत. म्हणजे जबरदस्ती झाली हे त्यालाही मान्य आहे, तरी शिक्षा त्यांनाच. त्या गुलाम होत्या, ‘नाही’ म्हणण्याची मुभा किती जणींना होती? ‘तो काळ तसा होता’ हे उत्तर मला पुरत नाही, कारण खुद्द ग्रीकांनाही घरच्या घरी सूड घेणं पुरेनासं झालं होतं. इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर इस्किलसने रक्ताचा सूड न्यायालयात नेऊन थांबवला.

ओडिसियसचा निवाडा प्रत्येक काळाने पुन्हा केला आहे, हे निबंधात जरूर आणा. एकट्या ग्रीक नाटककार सॉफोक्लीसने त्याची दोन रूपं लिहिली. ‘एजॅक्स’मध्ये तो मेलेल्या वैऱ्याच्या अंत्यविधीसाठी भांडणारा, करुणा असलेला माणूस आहे. इ.स.पू. ४०९ च्या ‘फिलॉक्टेटीस’मध्ये जखमी माणसाचं धनुष्य लाटण्यासाठी तरुण मुलाला खोटं बोलायला शिकवणारा मुरब्बी कारस्थानी आहे. इटालियन कवी डान्टेने त्याला नरकाच्या आठव्या वर्तुळात, ज्वाळेत कोंडलं.

निबंधासाठी नववा, दहावा, बारावा, विसावा आणि बाविसावा हे सर्ग पुरेसे आहेत. त्यांच्या आधी मात्र चोविसाव्या सर्गातलं युपायथीसचं भाषण वाचा. तो अँटिनसचा बाप, मेलेल्या मुलासाठी रडतच सभेत उभा राहतो. ओडिसियसबद्दल त्याची तक्रार अशी: याने आमची जहाजं आणि माणसं नेली, जहाजं गमावली, माणसं गमावली, आणि परत येऊन इथले उत्तम तरुण मारले. निम्म्याहून जास्त सभा त्याच्या बाजूने उठते. पुढे युपायथीस मारला जातो, देव मध्ये पडून तह घडवतात, पण गमावलेल्या जहाजांच्या आणि माणसांच्या त्याच्या मुद्द्याला काव्यात कुणीही उत्तर देत नाही. तुमच्या निबंधात ते द्यायचा प्रयत्न करा.